विहिरीचा डोळा

माझा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या घरात दगडांना खोली आहे, पाहुण्यांना नाही." खोटं नाही ते. नाशिकरोडला आमच्या तीन खोल्या, त्यातली एक दगडांची. काचेची चार कपाटं, भिंतीला लावलेली खोकी आणि खिडकीत धुऊन वाळत घातलेले दगड. तो रेल्वेत होता, मनमाडला. आयुष्यभर रुळांमधल्या खडीवरून चालला, त्यामुळे दगड या वस्तूबद्दल त्याला आदर असा नाहीच. माझ्या संग्रहाला तो खडीचा डेपो म्हणतो. मी त्याला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी एकलहऱ्याला वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत होते. आठवडाभर बॉयलरचं पाणी तपासायचं, कोळसा जाळून त्याची राख तोलायची, आणि रविवारी स्कूटरला हातोडीची पिशवी अडकवून कुठे विहीर खणतायत का ते हुडकत हिंडायचं. आमच्या भागातल्या काळ्या दगडात पोकळ्या असतात. विहिरीत सुरुंग उडाला की एखादी पोकळी फुटते आणि आतून चमचमणारे खडे बाहेर येतात. खणणारे ते मलब्यात फेकून देतात. मलब्याच्या ढिगावर साडी खोचून बसलेली बाई बघून लोक आधी हसायचे, मग ही सोनं शोधते म्हणून संशय घ्यायचे, आणि शेवटी बिचारी वेडी आहे म्हणून चहा पाजायचे. मी तिन्ही गोष्टी निमूट घ्यायची, कारण मला दगड हवे असायचे.

माझ्याकडचा सगळ्यात चांगला दगड असाच आला. स्फटिक. खेड्यात त्याला गार म्हणतात. जवळजवळ वीतभर लांब, सहा बाजूंचा, टोकाला कुठे टवका गेलेला नाही, आणि आतून इतका स्वच्छ की बघणारा हमखास विचारतो, "काच आहे का हो?" मग मी तो त्याच्या गालाला लावते. काच जरा वेळाने कोमट होते, हा गारच्या गार राहतो. बुडाशी त्याला एक छोटा स्फटिक चिकटलेला आहे, बाईने कडेवर घेतलेल्या पोरासारखा तिरका. माझ्यासारखे दगडवेडे लांबून लांबून येतात, बाकीच्या कपाटांपुढे छान छान करतात, आणि याच्यापुढे आले की त्यांची बडबड थांबते. मला तेवढंच हवं असतं.

वीसेक वर्षं झाली त्याला. सिन्नरच्या बाजूला एका फुलं पिकवणाऱ्या घराची विहीर खणत होते. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, असा त्यांचा माल नाशिकच्या बाजारात यायचा. मी पोचले तेव्हा तिथे नुसता गोंधळ चालला होता, कारण त्याच दिवशी पाणी लागलं होतं. सुरुंगाने एक पोकळी फुटली आणि तिच्यातूनच झरा सुटला. घरातली म्हातारी नारळ फोडत होती, पुरुष एकमेकांना गुलाल लावत होते. या सगळ्या धांदलीत त्या घरची धाकटी सून, लग्नाला वर्षही झालं नसेल, पदराखाली काहीतरी घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, तुमी असलेच दगड हुडकता ना? हा त्या भोकातून निघाला. म्या धुऊन आणला."

मी बघितलं आणि खुळावलेच. तिला द्यायला माझ्याकडे होतं काय, तर जेवणाचा डबा. स्टीलचा, आत थालीपीठ आणि लोणचं. तो तसाच्या तसा तिच्या हातात कोंबला, गार रुमालात गुंडाळली आणि कुणाचं मन बदलायच्या आत स्कूटरला किक मारली. चोरासारखी पळाले म्हणा ना.

पुढे ती मला बाजारात भेटत राहिली. दसऱ्या-दिवाळीला ती फुलांचे ढीग लावून बसायची. मला बघितलं की झेंडू पिशवीत ओंजळीने टाकायची आणि ओरडायची, "माझी गार बरी हाय ना, ताई?"

"बरी आहे. तुझ्यासारखी जाड नाही झाली."

"तिला तीन तीन टाइम भाकरी थापाव्या लागत्यात का?" आणि दोघी हसायचो. तिला एक मुलगी झाली, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, हे सगळं मला झेंडूच्या ढिगाऱ्यावरून कळत गेलं.

मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर ती एकदम घरीच आली. हातात फुलं नव्हती. मी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तो घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि रडायला लागली. माझ्या नवऱ्याला रडणारी बाई बघवत नाही. तो लगेच दूध आणायला गेला. घरात दोन पिशव्या दूध होतं.

झालं होतं असं. त्यांच्या विहिरीचं पाणी सलग दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच आटलं होतं. म्हणून सासूने पाणाड्या आणला. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरणारा माणूस. नारळ उभा राहिला की खाली पाणी. याचा नारळ त्यांच्या शेतात कुठेच उभा राहीना. आता आपला नारळच बोगस, असं कोण कबूल करेल? त्याने सांगितलं, "विहिरीचा डोळा कोणीतरी काढून नेलाय. पाणी लागलं तवा भोकातून काय निघालं व्हतं?" म्हातारीला झटक्यात आठवलं. काय निघालं, कुणी उचललं, कुणाला दिलं, सगळं. वीस वर्षांपूर्वीचं! माझा चष्मा मला दुपारी कुठे ठेवला ते आठवत नाही.

त्या दिवसापासून सासू सुनेच्या हातचं पाणी पीत नव्हती. आधी सासू, मग मोठी जाऊ, मग भावकीतल्या बाकीच्या बायका. हिने तांब्या पुढे केला की त्या म्हणायच्या, "नको, तहान नाय." आणि उठून स्वतः माठातून घ्यायच्या. हे तिने दोन महिने सोसलं होतं, कुणाला न सांगता. पण आता मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. कन्यादानाच्या वेळी आई झारीने पाणी सोडते, बापाच्या ओंजळीत, आणि तिथून ते मुलीच्या आणि नवऱ्या मुलाच्या हातांवर पडतं. सासूने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं की ते पाणी थोरली सून सोडेल.

"म्हणत्यात, जिनं घरचं पाणी घालवलं तिनं पोरीच्या हातावर पाणी सोडायचं नाय. मी म्हणं मागं उभं राहायचं."

"आणि तुझा नवरा? त्याला तोंड आहे ना?"

"आईपुढं त्याची मान वर व्हत नाय, ताई. मला एकच पोर हाय." तिने डोळे पुसले. "ती गार मला परत द्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नाही, त्या नारळवाल्यावर, त्या म्हातारीवर, सगळ्या दुनियेवर. मी हात नाचवून तिला सांगायला लागले की बाई गं, तुमच्या चहूबाजूंनी द्राक्षबागांचे बोअर झालेत, एकेक पाताळापर्यंत गेलेला, तुमच्या विहिरीत पाणी राहील कशाला? दगडाचा काय संबंध? दगड त्या भोकात बूच होऊन बसला होता असं धरलं, तर बूच काढलं म्हणून पाणी आलं, गेलं कसं?

"मला समदं पटतंय," ती म्हणाली. "आत्याला कोण सांगंल?" सासूला ती आत्या म्हणते.

"मी सांगते!" असं मी म्हणाले. माझं हे तोंड!

पुढच्या रविवारी गेले. बरोबर कागद, रंगीत पेनं, एक स्पंज आणि पाण्याची बाटली. म्हातारीला ओट्यावर बसवलं आणि जमिनीखाली पाणी कसं मुरतं, दगडाच्या भेगांतून कसं फिरतं, शेजाऱ्याने खोल बोअर मारला की आपलं कसं ओढलं जातं, हे सगळं स्पंज पिळून पिळून दाखवलं. नोकरीत इतकं चांगलं मी कधी कुणाला समजावलं नव्हतं. म्हातारीने मन लावून ऐकलं, मध्ये मान डोलावली, चहा सांगितला. चहा झाल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुमी शिकलेल्या हायेत, बाई. तुमचं बरोबरच आसंल. मला एक सांगा. तुमच्या लेखी तो नुसता दगड हाय ना?"

"नुसता दगड, आजी."

"मग काचंच्या कपाटात कशापायी ठिवलाय? आमी दगड बांधावर टाकतो."

स्पंज पिशवीत टाकला आणि निघाले. सून फाटकापर्यंत आली. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं असावं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "देऊन टाक ना. डेपोतला एक खडा कमी." यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण खरं सांगायचं तर मला ती गार द्यायचीच नव्हती. कारणं मी भरपूर काढली. पाणाड्याने सांगितलं होतं की डोळा विहिरीच्या कठड्यात सिमेंटने बसवायचा. सिमेंटने! ते टोक, ती धार, ज्यावर मी वीस वर्षं कुणाला बोट लावू दिलं नाही, त्यावर गवंड्याची थापी फिरणार, वर हळद-कुंकू, तेल, अगरबत्तीची राख. अंधश्रद्धेला खतपाणी नको, हेही एक कारण काढलं. ते मोठ्याने बोलायला बरं होतं. आतलं कारण एवढंच होतं की मला माझी वस्तू सोडवत नव्हती. त्या पोरीच्या हातावर तिची आई पाणी सोडते की काकी, याच्यापेक्षा मला कपाटातला एक दगड जड झाला होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मी जे केलं ते सांगायला अजून जीभ अडखळते. माझ्याकडे तेवढ्याच उंचीचा दुसरा एक स्फटिक होता, बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला. बरा होता, पण जरा दुधट, आणि कडेवर पोर नाही. मी खोक्यातून एक सुटा छोटा स्फटिक काढला आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने त्याच्या बुडाशी तिरका बसवला. आमच्या दगडांच्या दुनियेत याहून मोठं पाप नाही. मागे एका प्रदर्शनात एकाने मला असा चिकटवलेला दगड दाखवला होता, तर मी सगळा हॉल गोळा होईपर्यंत त्याच्यावर ओरडले होते. आता मीच डायनिंग टेबलावर चिमट्याने धरून फुंकर घालत बसले होते. नवरा समोर शेंगा सोलत होता.

"जमतंय की तुला," तो म्हणाला.

"गप्प बस."

"मी कुठे काय म्हणालो? पोर जरा डावीकडे झुकवायला हवं होतं, बाकी हुबेहूब."

सांध्यावर मी खोक्याच्या तळाशी उरलेली विहिरीतली माती चोळली, चिकटवल्याचं दिसू नये म्हणून. एवढी हुशारी मला कुठून सुचली देव जाणे.

फोनवर कळवून ठेवलं होतं, त्यामुळे गेले तेव्हा विहिरीवर निम्मं गाव जमलेलं. पाणाड्या नवा सदरा घालून आला होता. मी रुमाल सोडला. म्हातारीला नजरेने फारसं दिसत नाही. तिने दगड मांडीवर घेऊन चाचपला. टोक, बाजू, बूड. तिची बोटं त्या छोट्या स्फटिकावर गेली.

"पोर हाय कडंवर," म्हातारी म्हणाली. "तवाबी व्हतं."

पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि दगडाभोवती फेरी मारली. दुसऱ्या फेरीला नारळ उभा राहिला! लोकांनी जयजयकार केला. गोंदाने, टेबलावर, शेंगांच्या टरफलांत बनवलेल्या डोळ्यावर नारळ उभा राहिलेला मी या डोळ्यांनी बघितला, आणि हसू दाबता दाबता मला ठसका लागला. लोकांना वाटलं बाई भारावली.

पण म्हातारी कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि लांब उभ्या असलेल्या धाकट्या सुनेला हाक मारली. "इकडं ये. तूच उचलला व्हता, तूच धुतला व्हता. तूच सांग. हीच का ती गार?"

ती आली. खाली बसून तिने दगड दोन्ही हातांत घेतला, वळवला आणि गालाला लावला. मग तिचा अंगठा त्या सांध्यावर गेला आणि तिथेच थांबला. तिथे गोंदाचा एक बारीक खडबडीत थेंब राहिला होता, मलाही माहीत होता. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, लोभानेही नाही, नुसतं बघितलं. मी नजर खाली घातली. विहिरीच्या कठड्याशी गवंडी सिमेंट कालवत होता.

"हीच ती, आत्या," ती म्हणाली.

म्हातारीने मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "ऊन लय झालंय. पाणी आण गं."

कुणाला म्हणतेय ते सगळ्यांना कळलं. सून उठली, घरात गेली, तांब्या घेऊन आली. म्हातारीने तो तिच्या हातून घेतला आणि वरून धार धरून घटाघटा प्यायली. थोरल्या जावेनेही मग पदर सावरत हात पुढे केला. सून तांब्या घेऊन एकेकीपुढे फिरत होती आणि तहान असलेल्या-नसलेल्या सगळ्या जणी पाणी पीत होत्या.

मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली. मला तिच्याकडे बघवेना. स्कूटरची किल्ली सापडत नव्हती, ती हातातच होती.

"चिकटिवलंय ना, ताई?" ती म्हणाली.

मी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "चुकलं माझं," मी म्हणाले. "हलकट आहे मी. उद्या खरी आणून देते. सिमेंट वाळायच्या आत काढून बदलू. उद्या नको, आत्ता जाते, संध्याकाळपर्यंत परत येते."

"नको."

"नको काय? तुझी आहे ती. पहिल्यापासून तुझीच आहे."

तिने विहिरीकडच्या लोकांकडे बघितलं. पाणाड्याला कुणीतरी हार घालत होतं.

"खरी बसवली आन् तरीबी पाणी नाय आलं, मग?" ती म्हणाली. "मग तर समदं माझ्याच अंगावर येईल. आन् मलाबी वाटंल का माझ्याच हाताचा दोष हाय. आता नाय आलं तर निदान मला तरी ठावं राहील का दगडच खोटा हाय." तिने माझ्या स्कूटरवरचा वाळका पाला झटकला. "खरी तुमच्याकडंच राहू द्या. पोसाखाली घालवू नका म्हंजे झालं."

"कशाखाली?"

"पोसाखाली. म्हंजे हयगयीनं. नीट ठिवा."

मी आयुष्यभर नमुने तपासले. बाटली हलवायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा, वहीत लिहायचं आणि घरी जायचं. एखादी तपासणी माणसाला परवडणारच नाही, हे त्या बाईने मला फुलांच्या शेताच्या कडेला उभं राहून सांगितलं. मी तिला मिठी मारली आणि रडले, चांगली भर रस्त्यात. ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "असू द्या, असू द्या," जणू फसवलं तिनेच होतं.

विहिरीला पाणी आलं नाही. चैत्र कोरडा गेला, वैशाख लागला. म्हातारी म्हणाली, डोळा आत्ताच बसलाय, उघडायला वेळ लागंल. तिने सुनेला पुन्हा बोल लावला नाही. दगड सिमेंटमध्ये टोकापर्यंत बुजलेला होता आणि त्यावर कुंकवाचा थर चढत होता.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जेवणाच्या पंक्तीकडे लक्ष ठेवून होता. मांडवात गर्दी, उकाडा, भटजींच्या माइकची कर्कश शिट्टी. कन्यादानाची वेळ आली तेव्हा ती पुढे झाली, नाकात नथ, कपाळावर मुंडावळ्यांसारख्या घामाच्या धारा. थोरली जाऊ मागे उभी होती. कुणीतरी झारी धाकटीच्या हातात दिली. भटजी म्हणाले, "धार तुटू देऊ नका." तिच्या नवऱ्याची ओंजळ, त्याखाली मुलीचे मेंदीचे हात, त्याखाली जावयाचे. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होते. तिने झारी वाकवली आणि मंत्र संपेपर्यंत बारीक, सरळ धार सोडत राहिली. ती धार एकदाही तुटली नाही. पाणी टँकरचं होतं.